दुपारचं मुलुंड

घर बघायच्या आधी आईने वॉचमनला गाठलं. काठी भिंतीला टेकवली, पदराने घाम टिपला आणि विचारलं, "सव्वीस जुलैला इथं पाणी कुठवर आलं होतं?"

एजंट घड्याळ बघत होता. त्याला पार्किंगचे, लिफ्टचे, डिपॉझिटचे प्रश्न सवयीचे. वॉचमन मात्र लगेच उठला. राजापूरकडचा माणूस, तीस वर्षं त्याच बिल्डिंगवर. जिन्याशी जाऊन त्याने खालून तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला. "इथवर, आजी. याच्या वर नाय आला." आईने खालच्या मजल्याच्या उंबऱ्यापर्यंत उरलेल्या पायऱ्या मोजल्या. चार होत्या. मग म्हणाली, "चला, दाखवा आता घर."

आम्ही सांगलीच्या गावभागातले. श्रावणात आमच्याकडे ख्यालीखुशालीच्या आधी 'पुलाला किती फूट?' हे विचारतात. पूल म्हणजे आयर्विन. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथे कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आई माडीवर आठ दिवस बसून होती. सांताक्रूझला २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा ती नातेवाइकांच्या वाढदिवसासारखा लक्षात ठेवून आहे. त्यामुळे तिचा प्रश्न मला नवा नव्हता. नवं होतं ते एवढंच, की या वेळी प्रश्न ती विचारत होती. वर्षभरापूर्वी आधीचं घर घेतलं तेव्हा तिला मी एकही प्रश्न विचारू दिला नव्हता.

ते घर मी सांगलीत बसून, वहीत रकाने आखून निवडलं. नोकरीचं पत्र हातात होतं, ऑफिस मरोळला. नवरा सांगलीतच कॉलेजवर शिकवतो, त्याला हलता येणार नव्हतं. मी, आई आणि चौथीत जाणारा लेक, असे तिघं निघणार होतो. मुंबईचा नकाशा लॅपटॉपवर उघडून मी रात्र-रात्र बसायचे. नकाशात बोरिवली आणि ठाणे शेजारी दिसतात. एकाच जंगलाच्या दोन कडा. हे मी ऑफिसमधल्या एका मॅडमना फोनवर म्हणाले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मधलं जंगल ओलांडून कुठे जाता येतं? लोकलने जायचं तर दादरला वळसा घालून परत वर. तू शेजार बघू नकोस, रूळ बघ. आपल्या ऑफिसला दोन दारं आहेत, अंधेरी आणि घाटकोपर. त्यातलं एक धर आणि त्या लाइनवर किती लांब जायचं ते खिशाला विचार."

इतका कामाचा सल्ला मला दुसऱ्या कुणी दिला नाही. ही दोन दारं मेट्रोमुळे आहेत. ८ जून २०१४ ला वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो सुरू झाली. जेमतेम साडेअकरा किलोमीटर, बारा स्टेशनं. पण मुंबईचे रूळ सगळे उभे, उत्तर-दक्षिण, आणि ही आडवी. त्याआधी त्या मॅडम घाटकोपरहून ३४० नंबरच्या बसने यायच्या. साकीनाक्याला बस थांबली की माणसं उतरून चालायला लागायची आणि बसच्या आधी पोचायची. आता घाटकोपरहून मरोळ नाका चौथं स्टेशन. जागृती नगर, असल्फा, साकीनाका, मरोळ नाका. घाटकोपरचा जिना चढायला जेवढा वेळ लागतो, त्याहून फार जास्त प्रवासाला लागत नाही.

अंधेरीच्या दाराने गेलं तर पार्लं. माझ्या वडिलांच्या मनात पार्ल्याबद्दल कायम एक हळवा कोपरा होता. टिळक विद्यालय १९२१ चं, लोकमान्य सेवा संघ १९२३ चा, तिथली व्याख्यानं, ते सगळं ते सांगलीत बसून पेपरात वाचायचे. तिथलं भाडं ऐकलं आणि पान उलटलं. गोरेगाव, बोरिवलीत दोन-तीन घरं फोटोत बघितली. घाटकोपरला एक घर फार आवडलं होतं, स्टेशनजवळ, हवेशीर. सोसायटीच्या सेक्रेटरींनी फोनवर दोनच गोष्टी विचारल्या. "मिस्टर कुठे असतात?" आणि "घरात नॉनव्हेज?" मी दोन्हींचं खरं उत्तर दिलं. मिस्टर सांगलीत असतात, आणि रविवारी आमच्याकडे मटण होतं. ते घर गेलं. खोटं बोलले असते तर मिळालं असतं, असं एजंट म्हणाला. पण ज्या घरात फोडणीचा वास बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या लावायच्या, तिथे लेकाला काय शिकवायचं? याच शहरात, आपल्याच भाषेच्या राज्यात, काय खाता यावरून घर नाकारलं जातं, हे मला तेव्हाही लागलं आणि आजही लागतं.

मग घोडबंदर रोड. टू बीएचके, अठ्ठावीस हजार, बाविसावा मजला. एका खिडकीतून येऊरचा डोंगर, दुसरीतून खाडी. खाली बाग, क्लब हाउस, लेकाला सायकलला जागा. माझ्या वहीतले सगळे रकाने भरले.

सव्वासातला घर सोडायचं. बस, नाहीतर शेअर रिक्षा. मेट्रोच्या कामाचे पत्रे दोन्ही अंगाला, मध्ये कंटेनर, मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा करत ठाणे स्टेशन. तिथून घाटकोपर, तिथून मेट्रो. जायला दोन तास, यायला दोन तास, पावसात किती ते विचारू नये. त्रास होता, पण तो मी धरून चालले होते. मुंबईत नोकरी म्हणजे एवढं करायचंच, अशी मनाची तयारी होती. जे धरून चालले नव्हते ते वेगळंच होतं.

आषाढातली रात्र होती. नऊ वाजून गेले होते. मी जेवायला बसले आणि आई समोर येऊन बसली. म्हणाली, "आज एक गंमतच झाली बघ. संध्याकाळी तुझ्या लेकाला हाक मारायला गेले तर आवाजच फुटेना. घसा बसल्यासारखा. मग लक्षात आलं, सकाळी तू गेल्यापासून मी कुणाशी बोललेच नाही."

गंमत म्हणून सांगत होती. तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेली बाई. जत तालुक्यातल्या वस्तीशाळेत चार इयत्ता एका खोलीत घेऊन बसायची, पाढे म्हणून घ्यायची, आवाज चौकापर्यंत जायचा. तो आवाज बोलायला कुणी नाही म्हणून बसला होता.

त्यानंतर मी सुट्टीच्या दिवशी नीट बघायला लागले. खाली बाग होती, पण दुपारी तिथे कुणी नसायचं. पाचला बाळांना घेऊन सांभाळणाऱ्या मुली यायच्या, आपापल्या फोनवर असायच्या. दुकान होतं, पण सगळं पाकिटातलं. कोथिंबीरसुद्धा प्लास्टिकमध्ये, वजनाचा कागद चिकटवलेली. घासाघीस नाही, निवडून घेणं नाही, म्हणजे बोलणं नाही. फाटकाबाहेर सर्व्हिस रोड, पलीकडे हायवे. आईच्या गुडघ्यांना तो ओलांडता येणं शक्य नव्हतं. देवळात जायचं तर रिक्षा. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर यायला लागले तेव्हा ती खिडकीतून वाकून बघत राहिली. "जतला टँकर बघितले होते. पण तिथं टँकर आला की सगळी वस्ती गोळा व्हायची गं. इथं आला आणि गेला, कुणाला पत्ता नाही."

एका रविवारी मी हिशेब मांडला. रविवार सोडला तर मी त्या घरात दिवसाला जागेपणी तीन तास असायचे. त्यातला एक स्वयंपाकघरात. मला तो डोंगर अंधारात दिसायचा. लेक शाळेत, मग क्लासला, मग खाली सायकलवर. चोवीस तास त्या वस्तीत राहत होती ती फक्त आई. आणि त्या वस्तीची निवड झाली होती ऑफिसची वेळ, शाळेची बस, भाडं, पार्किंग या रकान्यांवर. तिच्या दुपारसाठी माझ्या वहीत रकाना नव्हता. नोकरीसाठी गाव सोडणारा माणूस उपनगर निवडतो, पण तिथे दिवस काढतो तो मागे राहणारा. हे मला वर्ष घालवून कळलं, आणि ते वर्ष तिच्या आयुष्यातलं गेलं याचं मला आजही वाईट वाटतं.

अकरा महिने संपत आले तसं आम्ही दोघी मिळून घरं बघायला लागलो.

आईची बघायची रीतच वेगळी. ती आधी भाजीवालीकडे जायची. पावशेर काहीतरी घ्यायची आणि कढीपत्ता ती आपणहून देते का ते बघायची. मेडिकलच्या दुकानात बसायला स्टूल आहे का. फुटपाथ किती उंच आहे. देवळाच्या पायरीला धरायला कठडा आहे का. दुपारी चारला रस्त्यावर तिच्या वयाची माणसं दिसतात का. "सकाळी सगळीच गावं भरलेली असतात. चारला बघायचं," म्हणायची. मी नकाशावर वर्षभर डोळे फोडले होते, पण कुठलंही गाव चारला बघितलं नव्हतं.

डोंबिवली तिला बघताक्षणी आवडली. फडके रोड, गणेश मंदिर, फुलांचे ढीग, ओळखीची बोली. "हे तर आपलंच," म्हणाली. मलाही तसंच वाटलं. भाडंही परवडत होतं. पण सकाळची गाडी बघावी म्हणून आम्ही एका मंगळवारी सुट्टी टाकून आठच्या आधी प्लॅटफॉर्मवर जाऊन उभ्या राहिलो. तीन गाड्या गेल्या. बायकांच्या डब्यातून ओढण्या बाहेर फडफडत होत्या, दारातल्या बाया दांड्याला एका हाताने धरून होत्या. सीएसएमटीपासून ४८ किलोमीटरवरचं स्टेशन, आणि मागून कल्याण, बदलापूर, कर्जतची माणसं भरूनच आलेली. तिसरी गाडी गेल्यावर आई बाकावर बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी इथं सुखात राहीन. पण तू रोज अशी लोंबकळत जाणार असशील तर मला दुपारची भाकरी गोड लागायची नाही."

म्हणजे तिच्या वहीतही माझ्यासाठी रकाना होता.

मुलुंड पूर्व त्या मॅडमनीच सुचवलं. हिशेब साधा होता. काही स्लो गाड्या ठाण्याहूनच सुटतात, आणि तिथून पहिलंच स्टेशन मुलुंड. त्यामुळे सकाळीसुद्धा चढायला मिळतं, आणि नशीब असेल तर चौथी सीटही. लोकलमध्ये न गेलेल्या वाचकांसाठी सांगते, तिघींच्या बाकावर आधीच्या तिघी किंचित सरकतात आणि चौथी टेकते. अर्धी हवेतच असते, पण टेकते. कुठे लिहिलेला नियम नाही, आणि कुणी नाही म्हणत नाही. नाहूर, भांडुप, कांजूर, विक्रोळी, घाटकोपर. माझे जायचे दोन तास एका तासावर आले.

घर मात्र वन बीएचके, जुनं, दुसरा मजला, भाडं चौतीस हजार. नवरा फोनवर म्हणाला, "एक खोली कमी आणि सहा हजार जास्त?" मी म्हटलं, हो. तो पुढच्या चौथ्या शनिवारी आला आणि आईबरोबर भाजी आणायला गेला. अर्ध्या तासाची फेरी, दीड तासाने परतले. नंतर त्याने तो विषय काढला नाही.

करार करायला एजंटचा माणूस घरी आला, लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवावाच लागतो, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात तसं आहे, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. हे भाड्याने राहणाऱ्या प्रत्येकाने पक्कं ध्यानात ठेवावं. आमच्या आधीच्या घराचा करार मालकाने नुसत्या स्टॅम्प पेपरवर उरकला होता, आणि डिपॉझिट परत घेताना मला त्याचा फार मनस्ताप झाला. या वेळी साक्षीदार म्हणून आईचाही अंगठा घेतला. यंत्र तिचा ठसा ओळखेना. दोनदा, तीनदा. खडूने झिजलेत म्हणाली. शेवटी त्या मुलाने तिच्या बोटाला थोडं खोबरेल लावलं, पुसलं, आणि ठसा उमटला.

पाणी पालिकेचं येतं, ठरलेल्या वेळी. मध्य रेल्वेवर मुंबई महापालिकेची हद्द मुलुंडला संपते, १९५७ पासून. त्यापुढे ठाणे, निराळी पालिका. नळ सोडला की तानसा-भातसाचं पाणी घरात येतं, आणि ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यातली. तानसा तर १८९२ चं. त्याच शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात, हे पेपरात वाचल्यापासून आई पिंप भरताना वाहू देत नाही. लेकालाही देत नाही.

मुलुंडात सगळं छान आहे असं नाही. हरिओम नगरच्या बाजूचं डम्पिंग ग्राउंड २०१८ मध्ये बंद झालं, त्याआधीच्या वासाच्या गोष्टी जुनी माणसं अजून सांगतात. गल्लोगल्ली रिडेव्हलपमेंट चालू आहे. दर चार बिल्डिंगांमागे एक पत्र्याआड गेलेली, दिवसभर ड्रिल. आमच्याही सोसायटीत त्याच्या मीटिंगा होतात. घरमालक म्हणतात, अजून दोन-तीन वर्षं तरी काही हलत नाही. त्या दोन-तीन वर्षांचा विचार मी रात्री करते.

गेल्या श्रावणात मला ताप आला आणि मी आठवडाभर घरी राहिले. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं तशी आई म्हणाली, "चल, जरा पाय मोकळे कर." साडेतीन झाले होते. पाऊस नुकताच उघडला होता. मी वर्षापेक्षा जास्त काळ त्या रस्त्याने रोज दोनदा जात होते, पण सकाळी धावत आणि रात्री मान खाली घालून.

खाली वॉचमन म्हणाला, "आजी, आज एकटी नाय वाटतं." कोपऱ्यावरच्या भाजीवालीने गवारीच्या शेंगा आधीच बाजूला काढून ठेवल्या होत्या, कोवळ्या. आईने त्या हातात घेऊन एक मोडून बघितली आणि पिशवीत टाकली. भाव विचारला नाही. मेडिकलच्या दुकानात सगळ्यात आधी तिची काठी आत ठेवून घेतली आणि स्टूल पुढे केलं. मला त्यातलं कुणीही ओळखत नव्हतं, पण मी कोण ते सगळ्यांना माहीत होतं. "ताप उतरला का?" फुलवाल्या मावशींनी मला विचारलं, आणि माझ्याकडे त्यांना हाक मारायला नाव नव्हतं.

मैदानाच्या कडेला बाक होता. त्यावर चौघी बसल्या होत्या. एक चिपळूणच्या, एक जळगावच्या, दोघी इथल्याच, मिठागर रोडला जन्मलेल्या. त्यातल्या एकीने सांगितलं की तिच्या लहानपणी त्या बाजूला मिठाचे ढीग पांढरे दिसायचे आणि उन्हाळ्यात जिभेवर वाऱ्याची चव लागायची. आम्हाला बघून त्या सरकल्या. आईला नेहमीची जागा मिळाली आणि मला कडेला टेकण्यापुरती. मी टेकले. अर्धी हवेतच होते.

पोथीचा विषय चालला होता. श्रावणभर रोज दुपारी एकीच्या घरी बसून वाचायची, असं त्यांचं चाललं होतं. वाचायचं काम आईकडे. जळगावच्या काकू मला म्हणाल्या, "तुझ्या आईचा आवाज असा आहे ना, की पलीकडच्या बिल्डिंगमधल्या बायकाही खिडकीत येऊन बसतात."

मी आईकडे बघितलं. ती शेंगांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ती चिपळूणच्या वहिनींना सांगत होती, "पुढच्या श्रावणात आमच्याकडे ठेवू. बाहेरची खोली लहान आहे, पण गॅलरीत सतरंजी टाकली की माणसं बसतात."

करार फाल्गुनात संपणार होता.